आर्डिसचं मागघर

हॅगबर्गांच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर कुणी जेवत नसे. त्यावर दोन कॉम्प्युटर होते, शेजारी शेजारी, खिडकीकडे तोंड करून. घर अमेरिकेतल्या दुलुथ शहराच्या चढावर असल्यामुळे खिडकीतून खालच्या गल्ल्यांची छपरं, त्यापलीकडे उचलपूल आणि त्याच्याही पलीकडे सुपीरियर सरोवर दिसायचं. ड्वेन हॅगबर्ग डावीकडे बसायचा, त्याची बायको आर्डिस उजवीकडे. दोघंही निवृत्त. सकाळची कॉफी झाली की दोघं ‘खोऱ्यात’ जायची.

‘खोरं’ हा खेळ त्यांच्या मुलीनं, ब्रिटनं, एका नाताळला दिला होता. रिकाम्या दरीत उतरायचं, झाडं तोडायची, दगड फोडायचे, लोखंड वितळवायचं आणि एकेक इमारत उभी करायची. इमारत उभी राहिली की तिच्यात राबायला माणसं येतात आणि ती आपली आपण चालू लागते. लोकर आत टाकली की कापड बाहेर, गहू टाकला की पीठ बाहेर. दोघांची दरी एकच होती, मधून ओढा गेलेला. अलीकडे ड्वेनच्या भट्ट्या आणि करवती. पलीकडे आर्डिसचा कारभार: कापड विणायचं लांबट मागघर, चक्की, छापखाना आणि पावभट्टी.

ड्वेनचा सगळा जन्म खनिजाच्या धक्क्यावर गेला होता. आगगाडीच्या डब्यांतून आलेलं लोखंडाचं खनिज ज्या पट्ट्यांवरून जहाजात पडायचं, ते पट्टे त्याच्या ताब्यात असत. पट्टा थांबला की तो का थांबला हे शोधायचं आणि पुन्हा थांबणार नाही अशी व्यवस्था करायची, एवढंच त्यानं आयुष्यभर केलं होतं आणि ते उत्तम केलं होतं. त्यामुळे त्या शरदात खेळाची नवी आवृत्ती आली आणि इमारतींची ‘सुधारणा’ करायची सोय झाली, तेव्हा त्यानं त्याच दिवशी आपल्या सगळ्या भट्ट्या सुधारून टाकल्या. इमारतीवर टिचकी मारली की एक पाटी उघडायची. या इमारतीतल्या कामात किती थांबा आहे ते त्यावर लिहिलेलं असायचं आणि खाली एक बटण: ‘थांबा काढून टाका’. ते दाबलं की आतली माणसं पाणी प्यायला बाहेर यायची बंद. दारात उभं राहून गप्पा मारणं बंद. दार लागायचं आणि माल दुपटीनं बाहेर पडायचा.

“तुझंही करून देऊ का?” त्यानं आर्डिसला विचारलं होतं.

“हात तर लावून बघ.”

“अगं, ती तुझी विणणारी पोरगी बघ. चार धागे टाकते आणि दारात येऊन आभाळाकडे बघत बसते. बघ, आली पुन्हा बाहेर.”

“येऊ दे की. मला तीच आवडते.”

“आणि कापड?”

“होईल सावकाश. ड्वेन, तू आता धक्क्यावर नाहीयेस, तेव्हा जरा...”

वाक्य तिथंच राहिलं, कारण पुलाखालून एक लांबलचक जहाज आत येत होतं आणि आर्डिस त्याचं नाव वाचायचा प्रयत्न करत होती. तिची बहुतेक वाक्यं अशीच अर्धी राहत. एकूण तिच्या बोलण्यातला निम्मा वेळ गप्प राहण्यात जायचा. ड्वेनला त्याची सवय झाली होती. कधी कधी वैतागही यायचा.

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी ती आत सिंकपाशी बटाटे सोलत होती आणि तो खोऱ्यात होता. काहीतरी धातूचं सिंकमध्ये पडल्याचा आवाज झाला.

“ड्वेन,” ती म्हणाली. आवाज जड होता, तोंडात घास असल्यासारखा.

“आलोच,” तो म्हणाला.

भट्टीत कोळसा टाकायचा राहिला होता. त्यानं तो टाकला. तयार झालेलं लोखंड काढून कोठीत ठेवलं. मग उठला. आर्डिस सिंकखालच्या कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसली होती. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती, आणि नळ चालू होता.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या लक्षात आल्यावर किती वेळ गेला? ड्वेन म्हणाला, लगेच उठलो. डॉक्टरांनी मान हलवून तसं लिहून घेतलं. बाई वाचल्या हे महत्त्वाचं, असं ते म्हणाले.

उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. बोलायचा प्रयत्न केला की तिच्या तोंडून फक्त ‘ते’ हा एकच शब्द यायचा. ते, ते, ते. आणि मग ती ड्वेनकडे बघायची, त्याला तरी उरलेलं ठाऊक असेल अशा नजरेनं.

तिला टेकडीखालच्या उपचार केंद्रात हलवलं. तिथं हाताचे आणि चालण्याचे व्यायाम करून घ्यायला रोशेल डीफो नावाची बाई होती. ओजिब्वे या तिथल्या मूळच्या जमातीतली, फाँ ड्यु लॅकच्या वस्तीतून रोज गाडी हाकत यायची, आणि येताना थट्टेचं भांडार घेऊन यायची.

“आर्डिस, आज अंगठा संपावर आहे वाटतं? काय मागण्या आहेत त्याच्या?”

आर्डिस अर्ध्या तोंडानं हसायची. तिच्यासमोर भोकांची एक फळी असे आणि वाटीत लाकडी खुंट्या. खुंटी उचलून भोकात बसवायची. पहिल्या पंधरवड्यात एकही खुंटी उचलली गेली नाही. हात टेबलावर पडून राहायचा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. आर्डिस थोडा वेळ त्याच्याकडे बघायची आणि मग खिडकीबाहेर.

ड्वेन दुपारी जायचा. सकाळी घरात करायला काही नसे. शेजाऱ्यांनी आणून दिलेलं जंगली तांदळाचं सूप गरम करायचं, खायचं, वाडगा धुवायचा. एका सकाळी तो आपल्या खुर्चीवर बसला आणि खोरं उघडलं. ओढ्यापलीकडे वाईट अवस्था होती. आर्डिसची माणसं उपाशी होती, कारण त्यांना रोजचा पाव तीच हातानं वाटायची. मागघरात लोकर संपली होती. विणणारी पोरगी दारात बसली होती आणि तिच्या डोक्यावर भुकेची खूण लुकलुकत होती.

ड्वेननं आधी पाव वाटला, मागघरात लोकर टाकली. मग त्याला वाटलं, हे रोज कोण करणार? आर्डिस परत येईपर्यंत ही बाजू आपली आपण चालायला हवी. त्यानं मागघरावर टिचकी मारली. पाटी उघडली. थांब्याचा आकडा बघून त्याला हसूच आलं. एवढा थांबा त्यानं कुठल्याच यंत्रात बघितला नव्हता. विणण्यापेक्षा थांबणंच जास्त.

आर्डिसला कळलं तर ती रागावेल, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं बटण दाबलं.

पोरगी उठली, आत गेली आणि दार लागलं. आतून मागाचा आवाज यायला लागला, एकसारखा.

दुपारी तो केंद्रात पोचला तेव्हा रोशेल त्याला दाराशीच भेटली.

“मिस्टर हॅगबर्ग, या, या. लवकर या.”

आर्डिस टेबलाशी बसली होती. उजवा हात वाटीत जात होता, खुंटी उचलत होता, भोकात बसवत होता, परत वाटीत जात होता. फळी भरली की तोच हात एकेक खुंटी काढून वाटीत टाकत होता आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

“सकाळी अचानकच,” रोशेल म्हणाली. “असं होतं कधी कधी. पण इतक्या झपाट्यानं मी तरी बघितलं नव्हतं.”

ड्वेनचे डोळे भरून आले. त्यानं आर्डिसच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं वर बघितलं, हसली. हात चालूच होता.

त्या दिवशी त्याला काही सुचलं नाही. सुचलं ते आठवडाभरानं, आणि तेही हसण्यावारी नेण्यासारखंच. हात सुधारला, पाय जिथल्या तिथं होता. दोन माणसांनी धरूनही आर्डिसला उभं राहता येत नव्हतं. सकाळी खेळात चक्कीकडे बघताना त्याच्या मनात आलं, हिची सुधारणा केली तर? चक्की गोल फिरवणारा म्हातारा दर दोन फेऱ्यांनी जात्याला टेकून दम खायचा.

ड्वेन यंत्रांचा माणूस होता. एकदा जुळलं म्हणजे काही सिद्ध होत नाही, हे तो नव्या पोरांना शिकवत आला होता. म्हणून त्यानं मुद्दाम काही केलं नाही. रोज खोरं उघडायचा, पाव वाटायचा, बंद करायचा. आर्डिसचा पाय तसाच राहिला. रोशेलचे विनोद थोडे कमी झाले. मग एका सकाळी त्यानं चक्कीचा थांबा काढून टाकला, कोट चढवला आणि गाडी काढली.

आर्डिस कठड्यांच्या मधून चालत होती. रोशेल मागून तिच्या कमरेचा पट्टा धरून. टोकाला गेली की वळायची आणि परत.

“बसा आता थोडं, आर्डिस,” रोशेल म्हणाली. “अहो, बसा. बाकडं आहे ना तिथं.”

आर्डिस बाकड्यावरून पुढं गेली.

“मला हिला ‘थांबा’ म्हणून सांगावं लागतंय,” रोशेल ड्वेनला म्हणाली. ती हसत होती, पण नेहमीसारखी नाही. “माझ्या नोकरीत हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलतेय.”

“पूर्वीपासून जिद्दी आहे ती,” ड्वेन म्हणाला.

हे खरं नव्हतं. आर्डिसमध्ये जिद्द कधीच नव्हती. टेकडी चढताना ती तीनदा टेकायची आणि प्रत्येक वेळी कुणाच्या तरी बागेचं कौतुक करायची. ड्वेन गाडीत येऊन बसला, पण मनात दाटलेल्यात किती आनंद होता आणि किती दुसरं काही, ते त्याला ठरवता येईना. आपण कुणाला सांगावं? रोशेलला? ती काय म्हणेल? आणि समजा हे खरं असेल, तर बोलणं अजून यायचंच होतं.

छापखान्याचा थांबा त्यानं डिसेंबरच्या सुरुवातीला काढला. त्या दिवशी मिनियापोलिसहून ब्रिटचा फोन आला तेव्हा ती रडत होती.

“बाबा, आई माझ्याशी बोलली. अख्खी वाक्यं. मी काय जेवले ते विचारलं, गाडीचे टायर बदलले का विचारलं, मुलांचं विचारलं. बाबा, काय केलंत तुम्ही लोकांनी तिथं?”

“मी काय करणार?” ड्वेन म्हणाला. “सगळं रोशेलचं.”

“किती स्पष्ट बोलते आता. आधीपेक्षासुद्धा... तुम्हाला नाही वाटलं?”

त्याला वाटलं होतं. दुपारी तो आर्डिसच्या पलंगापाशी बसला होता आणि ती बोलत होती. नर्सचं नाव, जेवणातलं मीठ, उद्याच्या व्यायामाची वेळ. प्रत्येक वाक्याला शेवट होता. खिडकीतून पूल दिसत होता. एक जहाज भोंगा देत आत आलं, मोसमातल्या शेवटच्या जहाजांपैकी एक असणार. ड्वेन वळून बघायला लागला. आर्डिसचं बोलणं चालू राहिलं, नजर समोरच्या भिंतीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं खोरं उघडून ओढा ओलांडला आणि मागघराच्या दाराशी आपला, खेळात त्याच्या जागी वावरणारा माणूस उभा केला. आर्डिसची माणसं काम करताना गुणगुणत, ते ओढ्याच्या अलीकडेही ऐकू यायचं. सूर ओळखीचा नसे, पण ऐकायला बरं वाटे. आता फक्त मागाचा ठोका होता. चक्कीतून दगडाची घरघर. छापखान्यातून खट, खट. तिन्ही आवाज एकाच चालीत पडत होते. दाराला कडी बाहेरून नव्हती, आणि आतून असल्याचं काही चिन्ह नव्हतं.

नाताळच्या आधी आर्डिस घरी आली.

ती काठी न घेता पायऱ्या चढली. कोट टांगला, आत गेली, भांड्यांचं कपाट रिकामं करून पुसून पुन्हा लावलं. संध्याकाळपर्यंत घर लखलखत होतं. ब्रिट दोन दिवस राहून गेली. आईला मिठी मारताना तिनं ड्वेनकडे आईच्या खांद्यावरून बघितलं, काहीतरी विचारायचं असल्यासारखं. पण विचारलं नाही. आणि ड्वेननं तेवढ्यात नजर वळवली होती.

एक गोष्ट मात्र राहिली होती. आर्डिस रडायची. रोज दुपारी उजेड उतरायला लागला की हातातलं काम खाली पडायचं आणि ती जिथं असेल तिथं बसून रडायची. आवाज मोठा नसे. ड्वेन धावत जायचा, शेजारी जमिनीवर बसायचा. त्या वेळी ती तिच्यासारखी दिसायची. चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसायचा, बोलताना अडखळायची, मध्येच गप्प व्हायची.

“ड्वेन,” ती एकदा म्हणाली, “आत कुणीतरी दार...”

“कसलं दार?”

“लावलंय. मी ठोठावते, पण माझेच हात...” ती थांबली. बराच वेळ थांबली. “माझं मागघर कसं आहे रे? बघतोस ना तू?”

“बघतो की.”

“ती पोरगी अजून दारात येते?”

ड्वेन तिच्या केसांवरून हात फिरवत होता. “येते,” तो म्हणाला. “तसंच आहे सगळं. आभाळाकडे बघत बसते आळशी.”

आर्डिस डोळे पुसत हसली. थोड्या वेळानं ती उठली आणि पडलेला टॉवेल घेऊन घडी घालायला लागली. पुन्हा चेहरा सारखा.

त्यानंतर ती रोज तेच विचारायची आणि तो रोज तेच सांगायचा. दुपार जवळ आली की तो घराबाहेर पडायला लागला. तो मुद्दाम दुकानात जायचा, वाचनालयात बसायचा, आणि तिथंही घड्याळाकडे बघत राहायचा. परत यावं तर ती जिन्यात किंवा न्हाणीघरात बसलेली, एकटीच रडत. “कुठं होतास?” एवढंच विचारायची. त्याला नळ चालू असलेलं ते स्वयंपाकघर आठवायचं.

पावभट्टी तेवढी राहिली होती.

जानेवारीच्या एका सकाळी बाहेर बर्फ पडत होता. आर्डिस वर पलंगाच्या चादरी बदलत होती. ड्वेननं खोरं उघडलं. पावभट्टीतली बाई दारातल्या ओट्यावर बसून एप्रनच्या टोकानं वारा घेत होती. सुधारणा न झालेलं ओढ्यापलीकडचं ते एकच माणूस होतं.

त्यानं पाटी उघडली. थांब्याचा आकडा लहान होता.

हात, पाय, वाचा, त्या तिन्ही वेळा तो स्वतःला सांगू शकत होता की हे तिच्यासाठी आहे. या वेळी सांगता येत नव्हतं. ती रडते ते त्याला सोसवत नव्हतं, एवढंच कारण होतं. तसं त्यानं स्वतःशी स्पष्ट कबूलही केलं. मग बटण दाबलं.

ओट्यावरची बाई उठली. आत जाण्याआधी तिनं मान वळवली आणि पडद्यातून बाहेर बघितलं. खेळातली माणसं असं कधी करत नसत.

दार लागलं.

त्या दुपारी आर्डिस रडली नाही. दुसऱ्या दुपारीही नाही.

उजेड उतरला, दिवे लागले. ती कपडे इस्त्री करत होती. ड्वेन तिच्यासमोर बसून राहिला.

“आर्डिस, तुला तुझ्या मागघराचं विचारायचं नाही?”

“नाही. कॉफी हवी का?”

कॉफी उत्तम झाली होती. ती नेहमीच उत्तम होऊ लागली.

पुढच्या आठवड्यात ड्वेननं ते उलटवायचा प्रयत्न केला. सुधारलेली इमारत मागं नेता येत नव्हती, फक्त पाडता येत होती. त्यानं मागघरावर पाडायची खूण आणली. पाटीवर अक्षरं आली: ‘आतली माणसं परत मिळणार नाहीत. पाडायचं?’ वरच्या मजल्यावर आर्डिसची पावलं ऐकू येत होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ड्वेनचं बोट बटणावर होतं. पावलं थांबली.

त्यानं बोट उचललं.

पावलं पुन्हा सुरू झाली.

मग त्यानं तिला सगळं सांगायचं ठरवलं. दुसरं काही उरलंच नव्हतं. दुपारी ती जेवणाच्या टेबलाच्या कडेला टॉवेलांच्या घड्या घालत होती. तो आपल्या खुर्चीवर बसला आणि तिच्याकडे न बघता बोलत गेला. सिंकमध्ये काही पडल्याचा आवाज आला तेव्हा आपण ‘आलोच’ म्हटलं आणि कोळसा टाकत बसलो. डॉक्टरांशी खोटं बोललो. मागघर, चक्की, छापखाना. आणि शेवटी पावभट्टी, तीही स्वतःसाठी. बोलताना त्याचा आवाज फाटला. आपण रडतोय हे त्याला मधूनच कळलं.

टॉवेलांचा आवाज एका चालीत येत होता.

“मला माफ कर,” तो म्हणाला. “तू कुठं आहेस ते मला माहीत नाही. पण ऐकत असशील तर...”

“छान केलंस तू,” आर्डिस म्हणाली. “सगळं नीट चालतंय आता.”

तिनं शेवटचा टॉवेल ढिगावर ठेवला. मग खुर्ची ओढून आपल्या कॉम्प्युटरसमोर बसली. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच. उजव्या हातात माउस घेतला. ड्वेन डोळे पुसत तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या मनात वेडी आशा आली की ती आता आपली माणसं शोधेल.

तिनं ओढा ओलांडला. पलीकडून अलीकडे. भट्ट्या मागं टाकल्या, करवती मागं टाकल्या आणि ड्वेनचा स्वतःचा माणूस जिथं राहायचा त्या झोपडीपाशी थांबली. धुराड्यातून धूर येत होता. दार उघडं होतं.

“तिथं काही नसतं,” ड्वेन म्हणाला. “घरांना सुधारणा नसते, आर्डिस. फक्त कारखान्यांना.”

तिनं झोपडीवर टिचकी मारली.

पाटी उघडली.

तो आकडा ड्वेनला दिसला. मागघरापेक्षाही मोठा.

“तुझ्यात फारच थांबा साठलाय,” आर्डिस म्हणाली. आवाजात माया होती, किंवा मायेसारखं काहीतरी. “किती त्रास करून घेतोस.”

तिचा हात धरायला त्यानं आपला हात पुढं केला. तो पोचला असता. वेळ होता. पण मध्येच त्याच्या मनात आलं, यानंतर सिंकपुढची ती ओली फरशी आठवणार नाही. ‘आलोच’ आठवणार नाही.

त्याचा हात टेबलावर राहिला.

माउसची बारीक टिचकी वाजली.

रविवारी सकाळी ड्वेननं अंगणातला बर्फ काढला, शेजाऱ्यांच्याही अंगणातला काढला, तळघराचा जिना दुरुस्त केला. गुडघा दुखत नव्हता. स्वयंपाकघरात आर्डिस बटाटे सोलत होती. तो तिच्या शेजारी सिंकपाशी उभा राहून सोललेले बटाटे चिरायला लागला. दोन्ही सुऱ्या एका चालीत चालत होत्या.

फोन वाजला. ब्रिट होती. ड्वेननं फोन लाउडस्पीकरवर ठेवला आणि चिरणं चालू ठेवलं.

“बाबा,” ती म्हणाली.

“आम्ही दोघं मजेत आहोत,” ड्वेन म्हणाला. “आईची तब्येत उत्तम. माझीही. जेवणात बटाटे आहेत. इथं बर्फ पडलाय, रस्ते मोकळे आहेत. नाही, कुणाला दाखवायची गरज नाही. नाही, काही लपवत नाहीये. तू यायची गरज नाही.”



“बाबा,” ब्रिट हळूच म्हणाली, “मी अजून काही विचारलंच नाहीये.”